पंचवीसांतली सातवी

त्या बाईला मी घरी आणलं ते केवळ हात वर केला म्हणून. हे वाक्य असं एकदम लिहिलं की भलताच अर्थ निघतो, हे मला कळतं. आमच्या चाळीनेही तोच काढला. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

रविवारी सकाळी मी ऑपेरा हाऊसच्या मागच्या एका लिलावघरात जाऊन बसत असे. घ्यायचं काही नसे. भोईवाड्यातल्या माझ्या खोलीत लागेल ते सगळं होतं, आणि बायको, कौसल्या, गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, त्यातलंही निम्मं लागत नव्हतं. पण लिलावघरात बाकं असतात, बाकांवर माणसं असतात, आणि शेजारचा माणूस "ह्या घड्याळाला काय जाईल हो?" असं आपणहून विचारतो. विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात आठवडाभर फायलींच्या संगतीत राहणाऱ्या माणसाला हे काही थोडं नव्हे. आपणही भुवई उंचावून "जाईल, जाईल, बरंच जाईल" म्हणावं. तेवढंच बोलणं झालं.

त्या रविवारी विलायतेला कायमच्या परत चाललेल्या कोणा तरुण इंग्रज साहेबाचं सामान होतं. खुर्च्या गेल्या, दिवे गेले, गॉल्फच्या काठ्या गेल्या. शेवटी दोन हमालांनी एक काचेची भलीमोठी फ्रेम उभी केली. चांगली चार फूट उंच. लिलाव पुकारणारे रुस्तमजी खाकरले. "पॉप आर्ट, सायबजी! लंडनमधला लेटेस्ट माल! पंचवीसच कॉप्या काढल्या, सव्वीसावी दुनियेत नाय!"

नेमका त्याच वेळी मला दाराशी जगदीश दिसला. जगदीश माझा शाळासोबती, वीस वर्षांत भेट नाही. मला इतका आनंद झाला की मी अर्धवट उठून हात वर केला. हातोडा पडला.

"माझा हात त्या अर्थाने वर गेला नव्हता," मी रुस्तमजींना नंतर सांगितलं.

"डिकरा, हात वर गेला तो गेला," ते शांतपणे म्हणाले. "हाताचा अर्थ मी कुठे विचारत बसू?"

निम्मा पगार गेला. दाराशी उभा असलेला गृहस्थ जगदीश नव्हताच, हेही लगेच कळलं. मी जवळ जाताच त्याने पाकीट असलेला खिसा हाताने दाबून धरला.

आता चित्राबद्दल. चित्रात एक गोरी बाई होती. बिनबाह्यांचा लाल झगा, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. एका हाताने तिने रेफ्रिजरेटरचं दार उघडून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने आतल्या वस्तू दाखवत होती. आत दुधाच्या बाटल्या, सहा अंडी, केक, एक भाजलेली तंगडी आणि वरच्या फळीवर, का कुणास ठाऊक, एक निळी मोटार. डोक्यावर पिवळ्या चांदणीत इंग्रजीत 'न्यू!' असं ओरडलेलं. सगळं एखाद्या मासिकातल्या जाहिराती कापून, मोठ्या करून छापल्यासारखं. खाली कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात सही आणि आकडा: ७/२५.

घोडागाडीतून ती फ्रेम मी चाळीपाशी आणली तेव्हा कठड्यावर जेवढी धुणी होती तेवढी डोकीही होती. कौसल्याच्या फोटोशेजारीच एवढी भिंत मोकळी होती. तिथे चित्र लावताना मी फोटोला मनातल्या मनात सांगितलं, "चुकून आलीय गं."

पहिल्या दिवशी अकरा माणसं येऊन गेली. दोन वर्षांत माझ्या खोलीत मीटर वाचणारा सोडला तर कोणी आलेलं नव्हतं. मी स्टोव्ह पेटवला, चार वेळा चहा केला, कप कमी पडले म्हणून स्वतः वाटीतून प्यायलो. खोटं कशाला सांगू, मला लग्नघरासारखं वाटत होतं.

शेजारचे नाना भोईवाडा कोर्टातून कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा वर-खाली करून आकडा वाचला आणि म्हणाले, "हा दावा नंबर आहे. सन पंचवीस सालचा सातवा दावा. जप्तीतला माल दिसतोय, केळुसकर. मूळ मालक केव्हाही येईल."

"नाना, हा विलायतेतला..."

"तिकडे काय दावे होत नाहीत?"

वरच्या मजल्यावरचे दत्ताराम साटम गिरणीत फिटर आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे स्वयंसेवक. त्यांना नव्या पैशांचा राग होता. त्यांनी सांगितलं की ही सरळ किंमत आहे, सात रुपये पंचवीस नवे पैसे. मी किती दिले ते ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग ते फळीवरची मोटार न्याहाळत म्हणाले, "आणि ह्यां फडताळ कित्याक इतक्या उजेडाचां?"

"ते बर्फाचं कपाट आहे," मी म्हणालो. "आत दिवा असतो."

"दार लावल्यार दिवो पेटताच काय इझता?"

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. दोन पक्ष पडले. चाळीत रेफ्रिजरेटर कोणीच पाहिलेला नसल्यामुळे दोन्ही पक्षांना सारखाच जोर होता.

समोरच्या खोलीतल्या राधाबाई मात्र उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. कौसल्या गेल्यापासून दर शनिवारी त्या माझ्याकडे वाटीभर आमटी पाठवत. त्यांनी तिथूनच चित्र पाहिलं, बाईचे दंड पाहिले आणि विचारलं, "काय म्हणतात याला?"

"पॉप आर्ट," मी म्हणालो.

"पाप ना? तरीच," राधाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या शनिवारी आमटी आली नाही.

'पाप आर्ट' हे नाव दोन दिवसांत चारही मजले फिरून आलं. मी प्रत्येकाला अर्धचंद्राचा उच्चार करून दाखवत होतो, पण एकट्या पुरुषाच्या खोलीत उघड्या दंडांची बाई म्हटल्यावर उच्चाराकडे कोण लक्ष देतं?

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला समोरच्या चाळीतले सीताराम कांबळे आले. भायखळ्याच्या एका छापखान्यात ते काम करीत. अकरा वर्षं आम्ही एकाच रस्त्याने कामावर जात होतो आणि अकरा वर्षं एकमेकांना मान हलवत होतो. ते दाराबाहेर उभे राहिले. खोलीत नाना होते, आणखी दोघेतिघे होते. बोलणं थांबलं. "छापील चित्र आणलंय असं ऐकलं," कांबळे म्हणाले. "बघायला मिळेल का?"

मी काय केलं ते सांगायलाच हवं. मी "आत या" म्हणालो नाही. मी भिंतीवरून ती जड फ्रेम उतरवली आणि दारापर्यंत नेऊन त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, केवढा मोठेपणा केला आपण! अंगावर घाम येईस्तोवर मी ती धरून होतो.

कांबळ्यांनी बाईकडे पाहिलंच नाही. त्यांनी काचेला नाक लावून ओठांची कड पाहिली, चांदणीची कड पाहिली. "शिळाछाप आहे, दगडावर चित्र काढून त्यावरनं छापलंय. हातप्रेसवर. चार रंग. लाल सुताभर सरकलाय, हे बघा. मुद्दाम सरकवलाय की चूक झाली, त्याचं त्याला माहीत. आमच्याकडे असं झालं तर फोरमन ताव फाडून टाकतो." मग आकड्यावर बोट ठेवलं. "पंचवीस प्रती काढल्या आणि मग दगड घासून साफ केला. आता सव्वीसावी काढायची म्हटली तरी निघणार नाही. ही त्यातली सातवी."

"मग बाकीच्या चोवीस?" मी विचारलं.

"असतील कोणाकोणाच्या घरी," ते म्हणाले. "बरं काम आहे." मान हलवून ते निघून गेले.

त्या दिवसापासून मला त्या चोवीस जणांची सवयच लागली. ऑफिसातून आलो, चहाचा कप घेऊन चित्रासमोर बसलो की वाटे, या घटकेला विलायतेत कोणीतरी असाच बसला असेल. त्याच्याकडे अकरावी असेल किंवा एकोणिसावी. त्याच्या घरी कोण कोण असेल? त्यालाही कोणी विचारत असेल का, दार लावल्यावर दिवा विझतो का म्हणून? चोवीस माणसं. नात्यात माझी तेवढी उरली नव्हती.

पण चाळीच्या गॅलरीत रविवारी सभा भरली. राधाबाई फिर्यादी, नाना आपोआप न्यायाधीश. मी माझी बाजू मांडली. ती कोणी ऐकली नाही, कारण मधेच नळाला पाणी आलं. पाणी भरून झाल्यावर नानांनी निकाल दिला: आठ दिवसांत मुद्देमालाची विल्हेवाट. मला राग आला. पण खरी गंमत अशी की मंडळींचं माझ्याकडे येणं चारच दिवसांत थांबलं होतं. दिव्याचा वाद मिटला नव्हता, शिळा झाला होता. ज्यांना चित्र पाहायचं होतं त्यांनी पाहिलं होतं. आता ते फक्त काढून टाकायला हवं होतं.

रुस्तमजींनी सांगितलं, "गुरुवारपर्यंत माल आणून दे, रविवारच्या यादीत घालतो." मी गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी मला उशिरा जाग आली. गिरणीचा भोंगा झाला नाही हे कानांना कळलं होतं, डोक्याला नाही. फ्रेम चादरीत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि परळ नाक्यावर आलो. ट्राम नाही. बस नाही. घोडागाडी नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. हरताळ होता. सगळ्या मुंबईला ठाऊक होतं, आमच्या चाळीत तर आदल्या संध्याकाळी गॅलरीत पत्रकं वाटली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मुद्दाम लपवलं असं नव्हे, सांगायचं कोणाला सुचलं नाही. हरताळाच्या दिवशी रजा टाकणारा मुंबईतला मी एकमेव कारकून असेन.

परत फिरायला हवं होतं. पण चार मजल्यांच्या देखत चादरीतली बाई घेऊन परत जिना चढायचा? मी ठरवलं, चालत जाऊ. हरताळाच्या दिवशी लिलावघरही बंद असेल, हा विचार मला भायखळ्यापर्यंत सुचला नसता. पण भायखळा आलंच नाही.

लालबागला समोरून मोर्चा आला. मी फुटपाथला चिकटलो. वाऱ्याने चादर भरली, सुतळी तुटली, आणि चादर एका गॅलरीच्या दिशेने निघून गेली. शेपाचशे माणसांसमोर मी आणि ती लाल झग्यातली बाई असे उभे राहिलो. घोषणा थांबल्या.

"केळुसकरांनू! तुमी?" मोर्च्याच्या कडेने दत्ताराम धावत आले. "एकटेच इलास? आमका सांगूक नाय?"

मी काही बोलायच्या आत गर्दीतल्या एका चष्मेवाल्याने चित्राकडे हात केला. "अरे, बघा काय झकास काढलंय! ही दिल्ली! कशी हसतेय बघा! आणि कपाटात काय, तर आपली मुंबई! दूध, अंडी, मोटारी, सगळं गार करून ठेवलंय!"

मग असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की काच थरथरली. त्यानंतर चार हातांनी चित्र उचललं आणि दोघांनी मला. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मी मोर्च्याच्या अग्रभागी होतो. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवा होता, अगदी मनापासून, पण मी तो आजवर घरी बसून मागत होतो. माझ्या खांद्यावर अनोळखी माणसांचे हात होते. कोणीतरी माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. कोणीतरी विचारलं, "काका, दमला नाही ना?" मी नाही म्हणालो. मला कुठेही जायला चाललं असतं.

पुढच्या चौकात पोलीस आडवे आले. पळापळ झाली. ज्यांनी चित्र धरलं होतं त्यांनी ते माझ्या हातात दिलं, आणि चार फुटी काच घेऊन पळणं शक्य नसल्यामुळे मी एकटाच अत्यंत शिस्तीत पकडला गेलो.

चौकीत इन्स्पेक्टर साहेबांनी चित्र टेबलाला टेकवून उभं केलं. "याचा अर्थ काय?"

"माहीत नाही, साहेब."

"मोर्च्याच्या पुढे घेऊन चालता आणि अर्थ माहीत नाही?"

"साहेब, हे पॉप आर्ट आहे."

"पापबिप आम्ही ठरवू." त्यांनी हवालदाराला पंचनामा सांगितला. हवालदार मोठ्याने म्हणत लिहू लागला: "बाई नग एक, हसणारी. कपाट नग एक, उघडं. अंडी नग सहा..." मग साहेबांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. ते खुर्चीतून उठले.

"सात बटा पंचवीस! म्हणजे असे पंचवीस बोर्ड तयार केलेत तुम्ही. हा सातवा. बाकीचे चोवीस कुठे आहेत?"

"तेच तर साहेब," मी म्हणालो. "मलाही रोज तोच प्रश्न पडतो."

हे उत्तर मी अगदी प्रामाणिकपणे दिलं, पण पोलीसचौकीत प्रामाणिकपणाचा सूर वेगळा लागतो. दोन तास मी बाकावर बसलो. शेवटी रुस्तमजींची पावती खिशात सापडली. ती वाचून साहेबांनी कपाळ चोळलं. "जा घरी. घरी कोणाला निरोप द्यायचाय का? कोणी काळजी करत असेल."

मी तोंड उघडलं. नाव शोधू लागलो. नानांचं नाव सांगावं? नाना म्हणतील, कोण केळुसकर, तो दाव्यातला? राधाबाई? मी बराच वेळ विचार करत होतो बहुतेक, कारण साहेबांनी वही मिटली.

"नाही साहेब. कोणी नाही."

त्यांनी हवालदाराला चहा आणायला सांगितला. हरताळामुळे तोही मिळाला नाही. मग त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला निम्मा मला दिला. आम्ही दोघे तो प्यायलो, आणि चित्रातली बाई आमच्याकडे पाहून हसत राहिली.

पुढच्या रविवारी चित्र लिलावाला उभं राहिलं. रुस्तमजींनी पुन्हा सव्वीसाव्या प्रतीची गोष्ट सांगितली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. कोणी बोलेना. तेवढ्यात मागून एक व्यापारी म्हणाला, "ये कौनसी कंपनी का फ्रिज है?"

"लंडन," रुस्तमजी म्हणाले.

त्याने ते घेतलं. ग्रँट रोडला त्याचं रेफ्रिजरेटरचं दुकान होतं. मला घातले होते त्याहून थोडे कमी पैसे मिळाले, आणि राधाबाईंची आमटी पुन्हा सुरू झाली. आमटी दाराबाहेर ठेवून हाक मारायची आणि मी दार उघडेपर्यंत परत जायचं, ही पद्धतही जुनीच. तीन आठवडे गेले. मीटर वाचणारा एकदा येऊन गेला.

मग एका सकाळी परळ नाक्यावर कांबळे भेटले. या वेळी नुसती मान हलवून ते पुढे गेले नाहीत. "चित्र आहे ना अजून? बायकोला, आमच्या सुभद्रेला, दाखवावं म्हणत होतो. मी घरी सांगितलं तर तिला पटेना, की पंचवीस काढून कोणी दगड पुसतो."

"विकलं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला चौकीतल्यापेक्षा जास्त अपराधी वाटलं. मी दुकानाचा पत्ता सांगितला. "रविवारी मी चाललोय तिकडे," असंही सांगून टाकलं. मी चाललो वगैरे काही नव्हतो.

रविवारी आम्ही दोघे त्या दुकानाच्या काचेसमोर उभे होतो. चित्र खऱ्या रेफ्रिजरेटरच्या शेजारी ठेवलं होतं आणि खालच्या कोपऱ्यावर 'सुलभ हप्ते' अशी चिठ्ठी चिकटवली होती. सही आणि आकडा दोन्ही झाकले गेले होते. कांबळे वाकून तो कोपरा न्याहाळत होते. दुकानातला माणूस बाहेर आला. "कौनसा मॉडल दिखाऊँ, साब?"

"मॉडेल नको," कांबळे म्हणाले. "ती चिठ्ठी जरा दोन बोटं वर चिकटवा. खाली माणसाची सही आहे."

त्या माणसाला काही कळलं नाही, पण कांबळ्यांचा आवाज असा होता की त्याने मुकाट्याने चिठ्ठी सोलली आणि वर, झग्यावर लावली. मग आम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसलो. मी म्हणालो, "कांबळे, त्या दिवशी मी तुम्हाला दारातच..." पुढचं वाक्य मला जमेना. त्यांनी ब्रून पाव चहात बुडवला. तो मऊ होईपर्यंत ते कपाकडे पाहत होते.

"फ्रेम जड होती," ते म्हणाले. "तुमचे हात थरथरत होते. मी पाहिलं." त्यांनी पाव खाल्ला. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी असतो."

"पुढच्या रविवारी जेवायला या आमच्याकडे."

आता खरं म्हणजे मी उडी मारायला हवी होती. पण माणसाची प्रतिष्ठा नको तेव्हा जागी होते. मी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, "बघतो. रविवारी कामं असतात बरीच. जमवतो जमलं तर."

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही, फक्त रविवार किती दिवसांवर आहे ते पाहिलं. शनिवारी सदरा इस्त्रीला दिला. काय न्यावं म्हणून दादरला जाऊन अर्धा डझन हापूस आणले, मग तेवढे फार दिसतील म्हणून दोन काढून ठेवले, मग कंजूष दिसू म्हणून परत घातले. बारा वाजता जायचं होतं. अकराला मी त्यांच्या चाळीखाली पोचलो. एवढ्या लवकर गेलो तर माणसाला काय वाटेल? बरीच कामं असलेला माणूस तासभर आधी येत नाही. म्हणून पिशवी सांभाळत मी चाळीला एक फेरी घातली. मग दुसरी. उन्हं तापली होती. घाईत असल्यासारखं दिसावं म्हणून तिसरी फेरी मी जरा भरभर घातली, चौथ्या फेरीला घड्याळ पाहिलं तर सव्वाअकरा.

पाचव्या फेरीला दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एका बाईंनी खाली वाकून हाक मारली. हातात पळी होती. मी त्यांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"अहो केळुसकर भावजी! किती फेऱ्या घालणार अजून? भात झालाय. वर या!"